डाउनलोड की डिस्क? होळी ते दिवाळी वापरानंतरचा अनुभव

आधी वापर कुठे झाला ते सांगतो. विदर्भातलं खेडं, गावठाण फिडरवरची (म्हणजे गावातल्या घरांची) विजेची लाइन, मोबाईलचा टावर गावाबाहेर, ब्रॉडबँड नाही. सामान म्हणजे ३२ इंची स्मार्ट टीव्ही, एचडीएमआय आणि यूएसबी असलेला साधा डीव्हीडी प्लेयर, मध्यम किमतीचा अँड्रॉइड फोन, त्यात ६४ जीबीचं कार्ड, आणि १५० एएच (अँपिअर-अवर) बॅटरीचा इन्व्हर्टर. होळीपासून दिवाळीपर्यंत, म्हणजे कडक उन्हाळा आणि अख्खा पावसाळा, सिनेमा फोनच्या अ‍ॅपमध्ये डाउनलोड करून बघणं आणि डिस्कवरून बघणं, या दोन्ही पद्धती शेजारी शेजारी चालवल्या. चित्र कोणाचं चांगलं हा प्रश्न आठवडाभरात मागे पडतो. बसलं की सिनेमा सुरू होतो का आणि लाइन गेल्यावर चालू राहतो का, खेड्यात हिशेब याचाच असतो.

डाउनलोडबद्दल सगळ्यात मोठा गैरसमज हा, की फाइल फोनमध्ये आली म्हणजे ती टीव्हीवर लावता येईल. तसं होत नाही. अ‍ॅपमधून उतरवलेली फाइल कुलूपबंद असते आणि ती त्याच फोनवर, त्याच अ‍ॅपमध्ये उघडते. पेनड्राइव्हवर टाकून उपयोग नाही. फोनची स्क्रीन टीव्हीवर मिरर केली, म्हणजे जशीच्या तशी दाखवली, तर आवाज येतो आणि चित्राच्या जागी काळा पडदा. कास्टचं बटण दाबलं तर टीव्ही तोच सिनेमा इंटरनेटवरून नव्याने ओढू लागतो, म्हणजे आधी खर्च केलेला डाटा वायाच. टाइप-सीमधून एचडीएमआय काढणारा अडॅप्टर सगळ्या फोनना चालत नाही. पोर्टमधून व्हिडिओ बाहेर देण्याची सोय बहुतेक स्वस्त आणि मध्यम फोनमध्ये नसते, त्यामुळे अडॅप्टर घेण्याआधी फोनच्या माहितीपत्रकात डिस्प्लेपोर्ट हा शब्द शोधावा. टीव्हीतल्या अ‍ॅपमध्ये डाउनलोडचा पर्याय सहसा नसतोच. थोडक्यात, डाउनलोड हे फोनवर किंवा टॅबलेटवर एकट्याने, फार तर दोघांनी पाहायचं काम आहे. नेटफ्लिक्सचा १४९ रुपयांचा मोबाईल प्लॅन तर फोन आणि टॅबलेटपुरताच आहे आणि त्यात चित्र ४८०पी, म्हणजे साधारण डीव्हीडीच्या बारकाव्यापर्यंतच मिळतं.

आता डाटा. अडीच तासांचा सिनेमा सरासरी १ एमबीपीएसने (सेकंदाला १ मेगाबिट) साठवला तर साधारण १.१ जीबी होतो, २ एमबीपीएसने सव्वादोन जीबी. रोज दीड जीबीच्या पॅकमध्ये दुसरा पर्याय एका दिवसात बसत नाही. उपाय सोपा आहे. रात्री सव्वाअकराच्या सुमारास डाउनलोड लावायचं. बाराच्या आधी आजचा उरलेला कोटा वापरला जातो, बारानंतर उद्याचा सुरू होतो, आणि तोवर टावरवरची गर्दीही ओसरलेली असते. त्याआधी तीन गोष्टी बघून घ्या: अ‍ॅपमधलं ‘फक्त वाय-फायवर डाउनलोड’ बंद, त्या अ‍ॅपपुरता बॅटरी सेव्हर बंद, आणि साठवण्याची जागा फोनऐवजी कार्ड. बॅटरी सेव्हर चालू राहिला की स्क्रीन बंद झाल्यावर काही मिनिटांत डाउनलोड थांबतं आणि सकाळी १४ टक्क्यांवर अडकलेलं दिसतं. पावसाळ्यात लाइन चार-सहा तास गेली की टावरची बॅटरीही उतरते आणि रेंज जाते, म्हणून आभाळ भरून आलेल्या दिवशी रात्रीवर विसंबू नये, दुपारीच उतरवून ठेवावं.

आणि मुदत. भाड्याने घेतलेला सिनेमा यूट्यूब किंवा प्राइमवर साधारण ३० दिवसांत सुरू करावा लागतो आणि एकदा प्ले दाबलं की ४८ तासांत संपवावा लागतो. नेटफ्लिक्सवरच्या काही सिनेमांनाही पहिल्या प्लेनंतर ४८ तासांचीच मुदत असते. नीट उतरलं का हे बघायला अर्धा मिनिट चालवलं तरी घड्याळ सुरू होतं. सोयाबीन काढणीच्या दिवसांत दोन रात्री सलग मोकळ्या मिळणं कठीण, त्यामुळे ही अट शहरापेक्षा इथे जास्त बोचते. तपासायचंच असेल तर डाउनलोडच्या यादीतला आकार आणि पूर्ण झाल्याची खूण बघावी, प्ले दाबू नये. रिचार्जसोबत मिळालेलं सदस्यत्व रिचार्ज संपला की संपतं, आणि त्याबरोबर उतरवलेलं सगळं बंद होतं. अ‍ॅपमधून लॉगआउट केलं तरी तेच. फोनची तारीख चुकली असेल तर परवाना तपासताना गडबड होते आणि सिनेमा उघडत नाही. बॅटरी पूर्ण उतरून फोन बंद पडला असेल तर आधी तारीख आणि वेळ बघा.

‘विकत’ घेतलेल्या डिजिटल सिनेमाचंही तसंच आहे. विकत मिळतो तो पाहण्याचा परवाना. विकत घेतलेल्या डिजिटल सिनेमांची नोंद ठेवणारी अल्ट्राव्हायोलेट नावाची सेवा ३१ जुलै २०१९ला बंद झाली तेव्हा लोकांना आपली खरेदी दुसऱ्या दुकानांशी जोडून वाचवावी लागली. कॅलिफोर्नियात तर २०२५पासून असा कायदाच लागू आहे, की परवाना विकताना ‘खरेदी’ हा शब्द वापरायचा असेल तर हा फक्त परवाना आहे हे स्पष्ट सांगावं लागतं.

डिस्ककडे या सगळ्याचं उत्तर आहे, पण तिची स्वतःची दुखणी आहेत, आणि आपल्याकडच्या हवेत ती लवकर बाहेर येतात.

आधी जमेची बाजू. टीव्ही अंदाजे ५० वॅट, प्लेयर १० वॅट, पंखा ७० वॅट, मिळून १३०. १५० एएचची १२ व्होल्टची बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास देते. त्यातले हजार-अकराशे हाती लागले तरी आठ तास निघतात. लाइन नसताना दोन सिनेमे आरामात होतात आणि राउटर किंवा रेंज यांचा संबंध येत नाही. म्हाताऱ्या माणसांनाही रिमोटचं एक बटण पुरतं. कूलर मात्र त्याच इन्व्हर्टरवर टाकू नका.

चित्राबद्दल आकड्यांत. डेटाचा एकच थर असलेली डीव्हीडी ४.७ जीबी, दोन थरांची ८.५ जीबी. दोन थरांवर अडीच तासांचा एकच सिनेमा असेल तर सरासरी साडेसात एमबीपीएस मिळतात आणि ३२ इंचावर सहा-सात फुटांवरून चित्र अगदी समाधानकारक दिसतं. त्याच डिस्कवर तीन सिनेमे कोंबले असतील तर अडीच एमबीपीएसच उरतात, आणि डीव्हीडीत चित्र दाबून साठवण्याच्या एमपेग-२ या जुन्या पद्धतीला ते अपुरे पडतात. पाऊस, गर्दी, धूळ अशा दृश्यांत चौकोन पडतात. जुन्या डिस्क घेताना ‘तीन सिनेमे एकात’ टाळाव्यात. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांएवढंच असतं; जे सिनेमे किंवा कीर्तनं दुसरीकडे मिळतच नाहीत त्यांच्यासाठीच ती ठीक. डिस्क बनवणाऱ्या मोझर बेअर कंपनीने २००७च्या सुमारास व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली होती, त्यामुळे त्या काळातला माल गावोगावी घरांत पडून आहे. ती कंपनी २०१८मध्ये दिवाळखोरीत निघाली. आता शोधायचं ते बंद झालेल्या सीडी लायब्ररीच्या साठ्यात नाही तर रद्दीवाल्याकडे. मूळ छापील डिस्कची खालची बाजू चंदेरी असते. जांभळट किंवा निळसर दिसली तर ती घरगुती कॉपी समजावी.

जोडणीत दोन चुका हमखास होतात. पहिली आवाजाची. प्लेयर ५.१ वर (सहा स्पीकरच्या आवाजावर) ठेवलेला आणि टीव्हीला लाल-पांढऱ्या दोनच वायरी, अशा वेळी मधल्या चॅनेलवरचे संवाद हरवतात आणि गाणी मात्र दणकून वाजतात. लोक डिस्कला दोष देतात. सेटअपमध्ये जाऊन डाउनमिक्स (सगळे चॅनेल दोनात मिसळण्याची सोय) ‘स्टिरिओ’ करा, संवाद परत येतात. कूलरच्या घरघरीत हा फरक फार मोठा वाटतो. दुसरी चूक रंगाची. आपल्याकडच्या पुष्कळ हिंदी डीव्हीडी एनटीएससी या अमेरिकी टीव्ही पद्धतीच्या आहेत, प्लेयर आपल्याकडच्या पाल पद्धतीवर अडकलेला असला की पिवळ्या वायरीवर चित्र काळं-पांढरं होतं किंवा लोळतं. तिथे ‘ऑटो’ किंवा ‘मल्टी’ निवडावं. बऱ्याच नव्या टीव्हींना या तीन रंगांच्या वायरींची भोकं नसतात, त्यामुळे एचडीएमआय असलेलाच प्लेयर घ्या.

लाइन जाऊन आली की बहुतेक प्लेयर आपली जागा विसरतात. रिमोटवर ‘गोटू’ किंवा ‘सर्च’ असतं, त्यात १:४० असा वेळ टाकला की थेट तिथे जाता येतं. लाइन येताना झटका बसतो, म्हणून गेल्याबरोबर बोर्डाचं बटण बंद करून आल्यावर दोन-तीन मिनिटांनी चालू करावं. कमी व्होल्टेजने प्लेयरला फारसं बिघडत नाही, असा झटका मात्र पॉवर सप्लाय जाळतो.

सिनेमा नेमका निम्म्यावर अडकतो ही तक्रार दोन थरांच्या डिस्कची. तिथे लेझरला पहिल्या थरावरून दुसऱ्यावर जायचं असतं आणि धुळीने मळलेल्या लेन्सला ते जमत नाही. डीव्हीडी चालते आणि व्हीसीडी चालत नाही, किंवा उलट, असं झालं तर डिस्क पुसत बसू नका. दोन्हींसाठी लेझर वेगवेगळा असतो, डीव्हीडीला ६५० नॅनोमीटरचा आणि सीडीला ७८०चा, त्यातला एक कमजोर झालेला असू शकतो. आधी लेन्स साफ करा: प्लग काढून झाकण उघडायचं, कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल जेमतेम लावायचं आणि न दाबता हलकं फिरवायचं. लेन्सजवळचा बारीक स्क्रू फिरवू नका. तो लेझरची ताकद ठरवतो आणि एकदा हलला की घरी जागेवर येत नाही. ट्रे उघडत नसेल तर उन्हाळ्याने रबरी बेल्ट कडक झालेला असतो. बेल्ट स्वस्त असतो आणि नागपुरात बर्डीवरच्या (सीताबर्डी) इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचारला तर मिळून जातो.

डिस्क कशी पुसायची हेही नीट ठरलेलं आहे. मऊ सुती फडकं घ्यायचं, मधल्या भोकाकडून काठाकडे सरळ रेषेत पुसायचं, गोल फिरवून नाही. गोल ओरखडा डेटाच्या वाटेवरूनच जातो आणि एकाच जागची खूप माहिती खातो, आडवा ओरखडा थोडी थोडी. व्हीसीडीला वरच्या बाजूने जपा, कारण तिचा डेटा लेबलच्या लगेच खाली असतो आणि त्यावर पेनाने जोरात नाव लिहिलं तरी ती जाते. डीव्हीडीत तो ०.६ मिलिमीटरच्या दोन पत्र्यांच्या मध्ये असतो. टिनाच्या छताखालच्या माळ्यावर डिस्क ठेवू नका, मे महिन्यात त्या वाकतात. आलमारीत उभ्या ठेवा. कूलरच्या तोंडासमोर प्लेयर नको, त्यातून ओल आणि धूळ दोन्ही आत जातात.

ब्ल्यू-रेबद्दल थोडंच. चित्र सगळ्यात सरस, पण ३२ इंचावर फरक प्लेयरच्या किमतीएवढा दिसत नाही, आणि बाहेरून डिस्क मागवली तर डिस्क कुठल्या देशांतल्या प्लेयरवर चालेल ते ठरवणारा विभागाचा कोड आडवा येतो (भारत ‘सी’मध्ये). ५५ इंची टीव्ही असेल तरच विचार करा.

एक काम मात्र दोन्ही पद्धतींच्या आधी करा. २००५ ते २०१५च्या दरम्यान लग्नांच्या डीव्हीडी मिळायच्या, त्या छापील नसतात. त्यात रंगद्रव्याचा थर असतो आणि ऊन-उष्णतेने तो फिका पडतो. संगणकाला डीव्हीडी ड्राइव्ह जोडून ‘व्हिडिओ_टीएस’ हे अख्खं फोल्डर हार्डडिस्कवर उतरवा; त्यातल्या व्हीओबी फाइली जास्तीत जास्त एक-एक जीबीच्या असतात, त्यामुळे पेनड्राइव्हवर सहसा असणाऱ्या एफएटी३२ या फाइल-पद्धतीच्या ४ जीबीच्या मर्यादेतही बसतात. मध्येच वाचण्याची चूक आली तर डिस्क पुसून दुसऱ्या ड्राइव्हवर लावून बघा, बऱ्याचदा तिथे उतरते. दोन प्रती करा, एक नातेवाइकाच्या घरी ठेवा. बाजारातल्या सिनेमाच्या डिस्कचं कुलूप तोडून कॉपी करणं कॉपीराइट कायद्याच्या ६५ए कलमात अडकतं, पण लग्नाच्या डिस्कला कुलूप नसतं आणि चित्रण आपलंच असतं. मात्र काही फोटोग्राफरच्या डिस्कमध्ये शेवटचं सत्र बंद (फायनलाइझ) केलेलं नसतं, ती प्लेयरवर ‘नो डिस्क’ दाखवते आणि संगणकावर रिकामी दिसते. अशी डिस्क फेकू नका, ज्या रेकॉर्डरवर किंवा ड्राइव्हवर ती भरली होती तिथे ती वाचली जाण्याची शक्यता असते. फोटोग्राफर गावातलाच असेल तर आधी त्याच्याकडे न्या.