ग्रह करायचा तर भाकरी की खापर?

2022 साली एतिएन क्लेन या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने चोरिझो सॉसेजची चकती प्रॉक्सिमा सेंटॉरी तारा म्हणून ट्विट केली. अनेकांना ती खरी वाटली, पुढे क्लेन यांनी माफीही मागितली. फोटोत असा खोटा ग्रह किंवा चंद्र करायचा तर खानदेशातल्या चुलीपाशी याहून सरस ऐवज आहे.

कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी घ्या. उडदामुळे आलेला करडा रंग, फुटलेले फुगे, करपलेले ठिपके. चंद्रावरची विवरं आयतीच मिळतात. पण ती सपाट. फोटोशॉपच्या स्फेराइज फिल्टरने फुगवा, कडा गोल कापा, मग एका बाजूची सावली हाताने रंगवा. ही सावली सरळ रेषेत कापलीत की सोंग उघडं पडलं. नेमका अर्धा चंद्र सोडला तर ती वक्रच हवी.

मांडे (पातळ पुरणपोळ्या) भाजायचं मातीचं खापर मुळातच घुमटासारखं. संध्याकाळी अंगणात तिरप्या उन्हात ठेवलं की उजेड आणि अंधार यांची सीमा सूर्यच आखून देतो. स्नॅपसीड या फोटो-अ‍ॅपमध्ये रंग उतरवायचा, मागचं सगळं काळं करायचं, बस्स. काळवंडलेले डाग थेट चंद्रावरच्या बेसाल्ट खडकाच्या मैदानांसारखे दिसतात. आपल्या शेतातली काळी मातीही बेसाल्टचीच, याचं मला फार अप्रूप वाटतं.

म्हणून माझी पसंती खापराला. पौर्णिमेचं बिंब हवं असेल तर मात्र भाकरीच घ्या, कारण पूर्ण चंद्र खरोखरच सपाट ताटासारखा दिसतो.

आणि मागे चांदण्या भरू नका. उजळ चंद्र टिपताना एक्सपोजर इतकं कमी असतं की तारे उमटतच नाहीत.