गॅसवरच्या पिकअपला निकेल प्लग की इरिडियम?

पेट्रोलवर घेतलेल्या पिकअपला मागाहून सीएनजी किट बसवले, हौद्याच्या कडा उंच करून घेतल्या आणि मागच्या पाट्यांत एकेक जादा पाटा घातला की गाडी चार पैसे मिळवून देऊ लागते. मात्र तिच्या स्पार्क प्लगांचे आयुष्य त्याच दिवसापासून आखडते. माझ्या एमएच ०९ (कोल्हापूर) पासिंगच्या गाडीत पेट्रोलवर साधे निकेलचे प्लग २५,००० किलोमीटर विनातक्रार चालत होते. किट बसवल्यानंतरचा पहिला सेट ९,००० किलोमीटरमध्येच संपला. शिवाजी उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी त्याकडे एक नजर टाकली आणि “भावा, गॅसची गाडी आहे, प्लग खाणारच,” एवढे बोलून विषय संपवला. पुढे दोन सल्ले मिळाले. कोणी सांगितले, स्वस्तातले निकेल घाला आणि वरचेवर बदला. कोणी सांगितले, एकदाच इरिडियम घाला आणि विसरून जा. मी दोन्ही करून पाहिले असल्यामुळे, याच पेचात असलेल्यांसाठी तो अनुभव मांडतो आहे.

गॅसवर प्लग लवकर झिजतात हे मिस्त्रींचे म्हणणे खोटे नव्हते. सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन; हवा आणि मिथेनच्या मिश्रणातून ठिणगी पाडण्यासाठी पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागते, आणि प्रत्येक ठिणगी जाताना इलेक्ट्रोडच्या धातूचा कणभर अंश सोबत नेते. धातू गेला की दोन इलेक्ट्रोडांमधली फट, म्हणजे गॅप, वाढते, गॅप वाढली की आणखी व्होल्टेज लागते आणि झीज आणखी वेगाने होते. सावकाराच्या व्याजासारखा हा प्रकार आहे. निकेल १४५५ अंश सेल्सिअसला वितळते, इरिडियम २४४६ अंशांना. शिवाय इरिडियम प्लगचा मधला इलेक्ट्रोड साध्या प्लगच्या अडीच मिलिमीटरच्या तुलनेत जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा असतो आणि बारीक टोकावरून ठिणगी कमी व्होल्टेजमध्ये सुटते. कागदावर पाहिले तर निकाल इथेच लागतो. परंतु ९,००० किलोमीटर हा आकडा केवळ गॅसमुळे येत नाही, असे मला त्या वेळीही वाटत होते, आणि तो संशय फेडण्याच्या कामी निकेलचे प्लगच उपयोगी पडले.

काढलेले चारही प्लग मी वर्तमानपत्रावर सिलिंडरच्या क्रमाने मांडले. निकेलचा इलेक्ट्रोड जाड असल्यामुळे त्याच्या कडा किती गोल झाल्या आहेत हे नुसत्या डोळ्यांना दिसते. पहिल्या आणि तिसऱ्या प्लगचा मधला इलेक्ट्रोड घुमटासारखा झाला होता, तर दुसऱ्या आणि चौथ्या प्लगची बाजूची वाकडी पट्टी खालून खाल्ली गेली होती. आधी मला यात काही बिघाड असावा असे वाटले. प्रत्यक्षात तो बिघाड नव्हता. माझ्या इंजिनात चार प्लगांना ठिणगीचे उच्च व्होल्टेज पुरवणाऱ्या दोनच कॉइल आहेत आणि प्रत्येक कॉइल एकाच वेळी दोन प्लगांना ठिणगी देते. त्यांपैकी एका प्लगमध्ये करंट सरळ दिशेने जातो आणि जोडीदारात उलट दिशेने. त्यामुळे एकाचा मधला इलेक्ट्रोड झिजतो आणि दुसऱ्याची पट्टी. प्रत्येक प्लगला स्वतंत्र कॉइल असलेल्या गाडीत मात्र अशी जोड्यांची झीज दिसली तर ती संशयास्पद मानावी.

खरा दोष तिसऱ्या प्लगमध्ये होता. त्याच्या मधल्या इलेक्ट्रोडभोवतीची चिनी माती इतरांपेक्षा पांढरीफटक होऊन तिच्यावर काचेसारखी चकाकी आली होती, आणि त्याचा वॉशर चेपलेलाच नव्हता. प्लगची उष्णता मुख्यतः आटे आणि वॉशर यांच्यामार्गे हेडमध्ये उतरते. प्लग ढिला राहिला की ती वाट बंद होते आणि प्लग स्वतःच्याच आचेने जळतो. नवा वॉशरवाला प्लग हाताने टेकेपर्यंत फिरवल्यानंतर पान्याने अर्धा ते दोन तृतीयांश फेरा द्यावा लागतो, आणि तेवढाच पुरतो. एक खुलासा इथेच करायला हवा. चिनी मातीवर षटकोनी भागालगत जे तपकिरी कडे दिसते, त्याला कित्येक जण गॅस लीक समजतात. तो उच्च व्होल्टेजमुळे ओढल्या गेलेल्या तेलकट कणांचा निरुपद्रवी डाग असतो. त्याउलट, चिनी मातीवर वरून खाली उतरणारी काळी बारीक रेघ दिसली, तर ठिणगी आत न पडता बाहेरून पळते आहे, हे ओळखावे.

प्लगच्या रंगावरून निदान करताना गॅसच्या गाडीत थोडे सबुरीने घ्यावे. सीएनजी इतका स्वच्छ जळतो की निरोगी प्लगही फिकट दिसतो. पेट्रोलवरची बदामी छटा इथे शोधत बसलात, तर प्रत्येक गाडीचे मिश्रण पातळ, म्हणजे हवा जास्त आणि इंधन कमी असलेले, वाटेल. माझ्या गाडीचे मिश्रण मात्र खरोखरच पातळ होते, कारण किटचे ट्यूनिंग रिकाम्या हौद्याने, गाडी जागेवर रेस करून उरकले होते. हौद्यात माल भरून, लॅपटॉपवाल्या मिस्त्रींना शेजारी बसवून पन्हाळ्याच्या चढावर ते पुन्हा करून घेतले. प्लगची गॅप पेट्रोलसाठीची १.१ मिलिमीटर होती, ती ०.८ वर आणली. ढिल्या प्लगचे कारण तर कळलेच होते. एवढे केल्यावर निकेलचा पुढचा सेट १५,००० किलोमीटर चालला. अंतर वाढले ते दुरुस्तीमुळे, प्लग बदलल्यामुळे नव्हे. आणि म्हणूनच पहिल्याच झटक्यात इरिडियम बसवावेत असे मी सहसा सुचवत नाही. इरिडियमचे बारीक टोक डोळ्यांना फारसे काही सांगत नाही; आजार तसाच राहतो, फक्त महाग प्लग तो काही महिने झाकून ठेवतो.

इथपर्यंत निकेलची बाजू भक्कम वाटेल, आणि १५,००० किलोमीटर हा काही वाईट आकडा नव्हे. शिवाय सेट पाच-सहाशे रुपयांत येतो, गॅप फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) हवी तशी बसवता येते आणि वाटेत वैभववाडीसारख्या गावातही तो मिळण्याची शक्यता असते. इरिडियमच्या चार प्लगांना मला अडीच हजारांच्या वर मोजावे लागले, त्यांची गॅप बदलताना टोकाला धक्का लागण्याची धास्ती राहते आणि बाजारात हुबेहूब दिसणारा नकली माल असल्यामुळे पक्के बिल देणारा दुकानदार गाठावा लागतो. त्यातही दोन कॉइलच्या इंजिनाला फक्त मधला इलेक्ट्रोड इरिडियमचा असून भागत नाही. पट्टीवरही प्लॅटिनमचा ठिपका असलेला प्लग घ्यावा लागतो, नाहीतर वर सांगितल्याप्रमाणे दोन सिलिंडरांत साध्या निकेलची पट्टी पूर्वीसारखीच झिजत राहते. हे मला दुकानात कोणी सांगितले नाही. वर्तमानपत्रावर मांडलेल्या त्या चार प्लगांवरूनच मी ते ताडले.

तरीही माझे मत फिरले, आणि त्याला कारण प्लगचा धातू नव्हता. माझ्या गाडीचे इंजिन सीटखाली आहे.

ज्यांनी हे काम स्वतः केलेले नाही त्यांना चार प्लग बदलणे म्हणजे अर्ध्या तासाचे काम वाटेल. प्रत्यक्षात आधी इंजिन निवू द्यावे लागते. मग सीटवरचे चलनबुक, छत्री, दोऱ्या, डबा असा सगळा संसार बाहेर काढायचा, मॅट गुंडाळायची, सीट उलटी करून टेकवायची आणि खालचे पत्र्याचे झाकण सोडायचे. मी मार्केट यार्डातून गूळ भरतो. हंगामात गुळाचे ३० किलोचे रवे चढवणारे हमाल त्याच हातांनी दार उघडतात, तिथेच बसतात, आणि त्या झाकणाच्या कडेने गुळाचा चिकटा साठतो. चिकट्यावर धूळ बसते, धुळीत मुंग्यांची रांग लागते. झाकण उचलताच त्यातला काही भाग प्लगच्या खोल विहिरीत पडतो. तो तसाच ठेवून प्लग सोडला तर सगळी माती थेट सिलिंडरमध्ये जाईल. म्हणून गाडी आधी पंक्चरवाल्याकडे नेऊन हवा मारून घ्यायची, आणि हवा मारली की ती माती आपल्याच तोंडावर उडते.

याहून त्रासाचा भाग म्हणजे वायरीचा रबरी बूट. सीटखालच्या बंदिस्त उष्णतेत तो कडक होतो आणि प्लगच्या चिनी मातीला चिकटून बसतो. नुसता ओढला तर फाटतो. म्हणून थोडा पिळून, हलकेच फिरवून वर काढावा लागतो. मी हे सारे जाणून असूनही निकेलच्या तिसऱ्या बदलीच्या वेळी एक बूट मधोमध चिरला आणि त्याच्या आतली धातूची टोपी प्लगवरच राहिली. ती वायर मिळेपर्यंत गाडी दीड दिवस उभी राहिली आणि भरलेला माल दुसऱ्याच्या गाडीतून पाठवावा लागला. पुढच्या बदलीत नवा बूट नीट बसला नाही, आणि तेच दुखणे पावसाळ्यात उघडे पडले.

कोकणात भाजी उतरवून नारळ घेऊन परत येत होतो. करूळ घाट चढताना, पावसाच्या संततधारेत, तिसऱ्या गिअरमध्ये गाडी झटके देऊ लागली. पेट्रोलवर टाकताच झटके थांबले. पुन्हा गॅसवर घेतली की परत मिसिंग. गगनबावड्यापर्यंत पेट्रोलवरच चढलो. ही परीक्षा कोणालाही करता येण्याजोगी आहे: पेट्रोलवर मिसिंग जात असेल, तर एक तर गॅसचे मिश्रण बिघडले आहे किंवा गॅसला लागणारे जादा व्होल्टेज प्लगच्या टोकापर्यंत पोहोचत नाही. प्लगची गॅप ०.२ मिलिमीटरने कमी करून पाहावी; फरक पडला तर दोष इग्निशनचा समजावा. माझ्या बाबतीत गॅप कमी केल्यावर झटके बरेच कमी झाले, आणि अंधारात इंजिन चालू ठेवून पाहिले तेव्हा बुटाच्या चिरेतून निळसर ठिणगी पळताना स्पष्ट दिसली. (तिथे हात लावू नये, हे वेगळे सांगायला नको.) थोडक्यात, त्या दिवशी निकेलच्या प्लगने मला दगा दिला नव्हता, दगा दिला तो प्लग वरचेवर काढल्या-घातल्याने खराब झालेल्या सामानाने.

महिन्याला साडेतीन हजार किलोमीटर धावणाऱ्या गाडीत १५,००० किलोमीटर म्हणजे दर चार महिन्यांनी हा सारा खेळ. प्लगचे पैसे वाचतात ते बुटांत, वायरींत आणि उभ्या राहिलेल्या दिवसांत जातात, असा माझा तरी हिशेब निघाला. त्यानंतर दोन्ही वायरी नव्या घेऊन, बुटांना आतून सिलिकॉन ग्रीसचा पुसट हात लावून, दोन्ही टोकांना मौल्यवान धातू असलेले इरिडियम प्लग ०.८ च्या गॅपने बसवले. ३१,००० किलोमीटरला एकदाच, खात्रीसाठी, ते उघडून पाहिले, गॅप ०.९ च्या आत होती. माझे फीलर गेज काही प्रयोगशाळेतले नाही आणि दुसऱ्या गाडीत हाच आकडा येईल असा दावाही मी करणार नाही. पण त्या मधल्या काळात सीट एकदाही उलटावी लागली नाही.

ज्यांच्या गाडीचे इंजिन पुढे बॉनेटखाली आहे, प्लग उभ्याउभ्या हाताला येतात आणि फेऱ्या शहराच्या आसपासच्या आहेत, त्यांनी निकेलवर समाधानी राहण्यास माझी हरकत नाही. त्यांच्या बाबतीत इरिडियमचे पैसे फिटतीलच असे मला वाटत नाही. किट नुकतेच बसवले असेल तर पहिला सेट मात्र सर्वांनीच निकेलचा घालावा, पाच-सहा हजार किलोमीटरला काढून वाचावा आणि दोष निस्तरल्यावरच महाग प्लगांकडे वळावे. लवकर झीज दिसली की अनेक जण एक पायरी थंड, म्हणजे उष्णता लवकर हेडमध्ये सोडणारा, प्लग सुचवतात. तो मी निकेलमध्ये वापरून पाहिला. घाटात बरा वाटला, पण शहरात थंड इंजिनावर पेट्रोलने चालू करून लगेच बंद करण्याच्या कामात त्यावर काजळी धरू लागली, म्हणून परत मूळ पायरीवर आलो. हा प्रयोग करायचाच असेल तर आकड्यांचा घोटाळा टाळावा: एनजीके आणि डेन्सो यांच्या प्लगांत आकडा मोठा तितका प्लग थंड, बॉशच्या प्लगांत आकडा मोठा तितका गरम. एका कंपनीचा आकडा पाहून दुसऱ्या कंपनीचा प्लग मागितला तर नेमका उलटा माल हाती पडतो.

सध्याचा सेट ४०,००० च्या पुढे गेला आहे. पाऊस सुरू होण्याआधी तो बदलणार आहे, आणि त्याच वेळी बूटही, फाटलेले असोत वा नसोत. निकेलचे चार प्लग, ०.८ ची गॅप करून, प्लग पान्यासोबत डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलेले असतात.