एफएमजीईचे बेसिक विषय आणि अंकी : काही महिने वापरल्यावर

एफएमजीई म्हणजे परदेशातून एमबीबीएस केलेल्यांना भारतात डॉक्टरकीचा परवाना मिळवायला द्यावी लागणारी परीक्षा. तिच्या ३०० प्रश्नांपैकी १०० प्री आणि पॅराक्लिनिकलचे, म्हणजे रुग्ण तपासायला शिकण्याआधीच्या बेसिक विषयांचे. ॲनाटॉमी, फिजिओलॉजी, बायोकेमिस्ट्री प्रत्येकी १७, पॅथॉलॉजी, मायक्रो, फार्मा प्रत्येकी १३, फॉरेन्सिक (न्यायवैद्यक) १०. पास व्हायला १५० लागतात, म्हणून हे शंभर सोडून चालत नाही. परदेशातून एमबीबीएस करून येईपर्यंत पहिल्या-दुसऱ्या वर्षाचं पाठांतर पुसट झालेलं असतं. अंकी, म्हणजे प्रश्न-उत्तराची कार्डं विसरायच्या बेतात असताना पुन्हा समोर आणणारं ॲप, कामाला येतं ते इथेच. अँड्रॉइडवर फुकट आहे, आयफोनवर विकत. डेक, म्हणजे कार्डांचा गठ्ठा, एकदा उतरवून घेतला की नेट लागत नाही. लातूर-नांदेडच्या अभ्यासिकेत रेंज गेली तरी रिव्ह्यू, म्हणजे जुन्या कार्डांची उजळणी, अडत नाहीत.

सेटिंगमध्ये आधी एफएसआरएस (कार्ड पुन्हा कधी दाखवायचं ते ठरवणारी पद्धत) चालू करा आणि डिझायर्ड रिटेन्शन, म्हणजे किती कार्डं आठवायला हवीत ते प्रमाण, ०.९० वरच राहू द्या. हावरेपणाने ०.९७ केलं की रोजचे रिव्ह्यू अंगावर येतात. रोज २० नवी कार्डं घेतली तर काही आठवड्यांत रोजचे रिव्ह्यू २०० च्या आसपास जातात, हे धरूनच वेळ काढा. उत्तर पाहिल्यावर किती आठवलं ते बटण दाबून सांगायचं असतं, आणि त्यात सगळ्यात जास्त घोळ 'हार्ड' बटणाचा. उत्तर आठवलंच नसेल तर 'अगेन' दाबायचं. 'हार्ड' म्हणजे आठवलं, पण कष्टाने. न आठवलेल्याला 'हार्ड' दाबत राहिलं की ॲप त्याला आठवलेलं समजतं आणि कार्ड उगाच लांब ढकलतं.

कार्ड लिहिणं हाच खरा अभ्यास. कापसावर फवारणी करताना झालेली ऑर्गनोफॉस्फरस विषबाधा घ्या. 'उपचार सांगा' असं एकच कार्ड केलं तर ते निम्मं आठवतं आणि कायम अडकून राहतं. त्याची चार करा. कोणतं एन्झाइम अडतं? ॲसिटिलकोलिनएस्टरेज. उतारा म्हणून दिलेलं ॲट्रोपिन कोणत्या रिसेप्टरवर? मस्कॅरिनिक. मग स्नायूंची कमजोरी ॲट्रोपिनने का जात नाही? ती निकोटिनिक रिसेप्टरमुळे. प्रॅलिडॉक्सिम हा दुसरा उतारा लवकर का द्यायचा? एजिंग झालं, म्हणजे विषाची पकड पक्की झाली, की एन्झाइम सुटत नाही. विंचूदंश आणि त्यावरच्या प्रॅझोसिन या औषधाचं कार्डही असंच फोडा. त्या उपचाराचं काम आपल्या जालना जिल्ह्यात जन्मलेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं, त्यामुळे लक्षातही पटकन राहतं.

ॲनाटॉमीला इमेज ऑक्लुजनला, म्हणजे आकृतीतला भाग झाकून विचारणाऱ्या कार्डांना, तोड नाही. ब्रॅकियल प्लेक्ससच्या (हाताकडे जाणाऱ्या नसांच्या जाळ्याच्या) आकृतीवर रूट, ट्रंक, कॉर्ड एकेक झाकत जा.

तयार डेकबाबत मात्र सावध राहा. मोठे डेक अमेरिकेच्या स्टेप १ या डॉक्टरकीच्या परीक्षेसाठी बांधलेले असतात, कार्डं हजारोंनी. फिजिओलॉजी, पॅथॉलॉजीला ते उत्तम. फॉरेन्सिकला निरुपयोगी, कारण तिथे आपला कायदा लागतो. आणि जुनी भारतीय कार्डं तर चुकीचंच पाठ करून घेतात : १ जुलै २०२४ पासून आयपीसीच्या (भारतीय दंड संहिता) जागी बीएनएस (भारतीय न्याय संहिता), सीआरपीसीच्या (फौजदारी प्रक्रिया संहिता) जागी बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) आलं. पोलीस इन्क्वेस्टचं (संशयास्पद मृत्यूच्या पोलीस चौकशीचं) कलम १७४ आता १९४, हुंडाबळीचं ३०४बी आता ८०. ही कार्डं स्वतःच करा.

फोन आणि लॅपटॉप दोन्हीकडे वापरत असाल तर बसण्याआधी आणि उठताना सिंक करा, म्हणजे दोन्हीकडचं काम जुळवून घ्या. नोट टाइप (कार्डाचा साचा) बदलल्यावर ॲप कधी कधी अपलोड की डाउनलोड असं विचारतं. तिथे चुकीचं दाबलं तर एका बाजूचं काम जातं.

अंकी आठवण पक्की करतं, प्रश्न सोडवायला शिकवत नाही. पेपरात प्रत्येक भागात १५० प्रश्नांना १५० मिनिटं असतात. म्हणून आधी वेळ लावून प्रश्न सोडवा आणि चुकलेल्यांचीच कार्डं करा. परीक्षेच्या तीन आठवडे आधी नवी कार्डं बंद करा, रिव्ह्यू मात्र शेवटच्या दिवसापर्यंत चालू ठेवा.