चार्जर असलेल्या घरात सौर बॅटरी: वापरानंतरचा अभिप्राय

छतावरचे सौर पॅनल आणि गाडीचा ७.४ किलोवॅटचा चार्जर आमच्याकडे आधीपासूनच होते. त्यांच्या जोडीला आम्ही १० किलोवॅट-तास क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी बसवून घेतली. काम नीटनेटके झाले, पण पहिल्याच रात्री गाडी चार्जिंगला लावली आणि सकाळी पाहतो तर बॅटरी पार तळाला गेलेली.

बॅटरीने किती वीज द्यायची हे ज्यावरून ठरते, तो प्रवाह मोजणारा सेन्सर मीटरलगत, म्हणजे चार्जरच्या वायरचा फाटा निघण्याच्या आधीच बसवला होता. त्यामुळे गाडीचा भारही बॅटरीला घराचाच वाटला आणि ५ किलोवॅटच्या इन्व्हर्टरमधून ती सुमारे दोन तासांत रिकामी झाली. एका बॅटरीतून दुसरीत ऊर्जा ओतताना रूपांतरणात तिचा काही भाग वाया जातो, याचे मला फार वाईट वाटले. तक्रार करताच तंत्रज्ञांनी तो सेन्सर चार्जरच्या फाट्यापुढे, केवळ घराकडे जाणाऱ्या वायरवर सरकवला आणि चार्जरचा स्वतःचा सेन्सर मीटरजवळ ठेवला. आता उन्हातली जादा वीज आधी बॅटरीत जाते आणि ती भरल्यावर गाडीकडे वळते. मात्र चार्जर किमान ६ अँपिअरवर, म्हणजे साधारण १.४ किलोवॅट जादा वीज असेल तरच सुरू होतो, हे ढगाळ दिवशी प्रकर्षाने जाणवते.

बॅटरी उत्तम आहे आणि संध्याकाळचा घरवापर ती सहज पेलते. तरीही काम सुरू होण्यापूर्वीच सेन्सरची जागा आराखड्यावर दाखवून घ्यावी आणि वीज गेल्यावर चालणाऱ्या सर्किटमधून चार्जर आवर्जून वगळावा.