बिनडायफ्रॅमचा प्रेशर रेग्युलेटर : उघडून आणि चालवून पाहिल्यावर

१ एप्रिल २०२० पासून वाहनांच्या धुरासाठीची बीएस-६ मानके लागू झाली आणि रोजच्या वापरातल्या साध्या मोटारसायकलींमधूनही कार्ब्युरेटर हद्दपार झाला. त्याच्या जागी टाकीत बसणारा फ्युएल पंप आला आणि त्या पंपाच्याच प्लास्टिकच्या घरात खोचलेला, अंगठ्याच्या पेराएवढा प्रेशर रेग्युलेटरही आला. हा भाग बिघडला तर सेवाकेंद्रात बहुतेक वेळा संपूर्ण पंप बदलायला सांगतात. त्यामुळे सुट्या भागांच्या बाजारात मिळणाऱ्या ३ बार दाबाच्या, डायफ्रॅम म्हणजे लवचिक पडदा नसलेल्या रेग्युलेटरांना गॅरेजवाल्यांकडून चांगली मागणी आहे. त्यांपैकी एक मी लेथवर कापून पाहिला आणि त्याच खोक्यातले दुसरे नग गाड्यांना बसवून पाहिले.

रेग्युलेटरचे काम सांगायला सोपे आहे. पंप इंजिनाच्या गरजेपेक्षा जास्त पेट्रोल ढकलतो. दाब ठरलेल्या आकड्याच्या वर गेला की झडप उघडते, जादा पेट्रोल पुन्हा टाकीत पडते आणि इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरला सतत सारखा दाब मिळतो. जुन्या पद्धतीच्या रचनेत हे काम रबरी लेप दिलेल्या कापडाचा डायफ्रॅम करतो. पत्र्याच्या दोन वाट्यांच्या कडांमध्ये तो दाबून क्रिम्प केलेला, म्हणजे कडा दुमडून आवळलेला असतो, त्याच्या एका बाजूला स्प्रिंग, दुसऱ्या बाजूला पेट्रोल आणि मधोमध गोळी व तिचा धारक असतो. स्प्रिंगची टोपी, सीटची (गोळी जिच्यावर टेकून वाट बंद करते त्या बैठकीची) नळी, गाळणी असे सगळे धरून नऊ-दहा भाग होतात. ते जुळवताना डायफ्रॅम किंचित जरी तिरपा बसला किंवा क्रिम्पिंगचा दाब एका बाजूला कमी पडला, तरी तो नग वाया जातो.

नव्या नगात हे सारे प्रकरणच काढून टाकले आहे. खोल ओढलेल्या पोलादी पत्र्याची एक नळी, तिच्या तोंडाशी दाबून बसवलेली पितळी सीट, तिच्यावर पोलादी गोळी, मागे लांबट स्प्रिंग आणि शेवटी स्प्रिंगला टेकण देणारी भोके पाडलेली टोपी, एवढाच त्याचा संसार. पेट्रोल एका टोकाने शिरते आणि सरळ दुसऱ्या टोकाने बाहेर पडते. जुळणीची रीत मला सर्वांत आवडली. टोपीच्या कडेवर दाबाच्या खुणा स्पष्ट दिसतात आणि तिच्या मागे नळीच्या भिंतीला तीन ठिकाणी खोक मारलेली आहे. म्हणजे टोपी हवा तेवढा दाब मिळेपर्यंत आत सरकवायची आणि तिथेच कायमची अडकवायची. स्प्रिंगच्या जोरात नगागणिक जो थोडाफार फरक असतो, तो याच एका पायरीत निघून जातो. स्क्रू नाही, तो आवळून धरणारा चेकनट नाही. १९६७ साली आलेल्या बॉश कंपनीच्या डी-जेट्रॉनिक या पेट्रोल-इंजेक्शन प्रणालीत दाब जुळवायला रेग्युलेटरवर स्क्रू असे आणि ज्याच्या हातात पाना, तो त्याला हात लावी. तेव्हा ही सोय गेली याचे मला दुःख नाही.

मात्र भाग कमी केल्याची किंमत कुठेतरी मोजावी लागतेच आणि ती इथे सीटवर येऊन पडली आहे. हिशेब करून पाहा. २० मिलिमीटर व्यासाच्या डायफ्रॅमवर ३ बार दाबाचा जोर सुमारे साडेनऊ किलो होतो, त्यामुळे स्प्रिंगही तितकीच ताकदीची लागते. ४ मिलिमीटरच्या सीटवर थेट बसलेल्या गोळीवर तोच दाब चारशे ग्रॅमचाही जोर देत नाही. आता दाब दहा टक्क्यांनी उतरला असे समजा. डायफ्रॅमच्या रचनेत गोळी सीटवर आवळून धरायला जवळपास साडेनऊशे ग्रॅमचा जोर शिल्लक राहतो. नव्या रचनेत तो चाळीस ग्रॅमही भरत नाही. एवढ्या तुटपुंज्या जोरावर गळती थांबायची, तर सीटची कड आरशासारखी हवी. कापलेल्या नगात भिंगाखाली पाहिले तेव्हा सीटच्या कडेवर हत्याराची बारीक वर्तुळाकार रेघ दिसली. ती असायला नको होती.

याचा परिणाम दाब दाखवणाऱ्या गेजवर दिसतो. इंजिन चालू असताना तक्रारीला जागा नाही : मंद गतीवर काटा ३ बारच्या किंचित वर आणि पूर्ण रेसवर किंचित खाली येतो, कारण इंजिन जास्त पेट्रोल पिऊ लागले की झडपेतून जाणारा प्रवाह घटतो आणि स्प्रिंग थोडी सैलावते. लांब आणि नरम स्प्रिंग निवडल्यामुळे हा फरक आटोक्यात राहिला आहे. दाब ३ वरून २.७ बारवर आला तर इंजेक्टरमधून जाणारे पेट्रोल साधारण पाच टक्क्यांनी घटते. इथे घट त्याहून बरीच कमी आहे. पण इंजिन बंद केल्यावर डायफ्रॅमवाला नग जो दाब बराच वेळ धरून ठेवतो, तो या नगातून चहा पिऊन होईपर्यंत उतरलेला असतो. सकाळी त्याने काही बिघडत नाही, कारण चावी फिरवताच पंप दोन-तीन सेकंद चालून दाब भरतो. उन्हात तापलेली गाडी पेट्रोल भरून लगेच सुरू करताना मात्र स्टार्टर जरा जास्त वेळ दाबावा लागतो. दाब नसलेल्या गरम नळीत पेट्रोलची वाफ धरते आणि ती बाहेर निघेपर्यंत इंजिन कुरकुरते.

इथेनॉलच्या बाबतीत नव्या रचनेचे पारडे जड आहे. वीस टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलमध्ये चुकीच्या रबराचा डायफ्रॅम फुगतो, कडक होतो आणि शेवटी फाटतो. इथे फाटायला काही उरलेलेच नाही. रबर राहते ते फक्त बाहेरच्या दोन ओ-रिंगांचे. पण नेमके तिथेच उत्पादकाने हात आखडता घेतला आहे : पुडीत मिळालेल्या रिंगा साध्या नायट्राइल रबराच्या वाटल्या, कारण पेट्रोलमध्ये बुडवून ठेवल्यावर त्या डोळ्यांना कळेल इतक्या फुगल्या. मी त्या फेकून फ्लोरोकार्बन रबराच्या, म्हणजे बाजारात व्हायटॉन म्हणून मागतात त्या रिंगा घातल्या. एवढा खर्च उत्पादकाने स्वतः करायला हरकत नव्हती.

बसवणे खरोखरच सोपे आहे. पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडू द्यावे, म्हणजे नळीतला दाब उतरतो; मग पंप वर काढून क्लिप सोडवावी, रिंगांना पेट्रोलचे बोट लावावे आणि नग सरळ दाबावा. तिरपा दाबला तर वरची रिंग कापली जाते आणि दोष उगीच रेग्युलेटरच्या माथी येतो. नगावर ‘३.०’ एवढाच आकडा कोरलेला आहे. बनवणाऱ्याचे नाव नाही, तुकडीचा क्रमांक नाही. त्यामुळे पुढचा खोका याच दर्जाचा निघेल याची खात्री दुकानदारही देत नाही.

किंमत डायफ्रॅमवाल्या सुट्या नगाच्या निम्म्याहून कमी आहे. दिवसभर थांबत-थांबत फिरणाऱ्या डिलिव्हरीच्या गाडीला मी हा नग बसवणार नाही. सकाळ-संध्याकाळ ऑफिसला जाणाऱ्या गाडीला, रिंगा बदलून आणि बसवण्याआधी गेजवर गळती तपासून, जरूर बसवीन. दहा मिनिटांत दाब १ बारच्या खाली गेला तर तो नग दुकानदाराला परत द्यावा.