सायक्रॉप्टिक: चुकीच्या डबीतून आलेला बँड

सुरुवात एका घोटाळ्यापासून झाली. मेलबर्नला आल्यावर पहिल्या दोन वर्षांत मी डेरिमटच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये रात्रपाळीला फोर्कलिफ्ट चालवायचो. गाडी जुनी, ब्लूटूथ नाही, पण सीडी प्लेयर ठणठणीत. म्हणून जुन्या सीड्या ऑनलाइन मागवायची सवय लागली. सायक्रॉप्टिकचा ‘द सेप्टर ऑफ द एन्शंट्स’ असाच मागवला, बारा डॉलरला. टेक्निकल डेथ मेटल (गुरगुरत्या गाण्याचं, अतिवेगवान आणि वाजवायला महाकठीण मेटल) ऐकणाऱ्या कुणालाही विचारा, ऑस्ट्रेलियातला एक अल्बम सांग, तर दहातले आठ जण हाच सांगतील. पार्सल आलं, डबी बरोबर, कव्हर बरोबर. पहाटे पाचला पाळी संपल्यावर अंधारातच डिस्क आत सरकवली आणि टार्नेटच्या, म्हणजे घरच्या, रस्त्याला लागलो.

डबीवर नऊ गाणी. प्लेयर दाखवतोय आठ. पहिल्या सिग्नलला लक्षात आलं, दुसऱ्या सिग्नलला डिस्क बाहेर काढून बघितली. आत होता ‘सिम्बल्स ऑफ फेल्युअर’, म्हणजे यांचा पुढचा अल्बम. विकणाऱ्याला मेसेज केला, त्याने उत्तर दिलं नाही ते आजतागायत. चडफडत तीच डिस्क परत घातली, कारण घरी पोचायला अजून वीस मिनिटं होती. एका अर्थाने हा सगळा रिव्ह्यू त्या वीस मिनिटांमुळे आहे.

आता बँडबद्दल. सायक्रॉप्टिक टास्मानियाचे, होबार्टचे. १९९९ साली सुरू झाले. गिटारवर जो हेली, ड्रम्सवर डेव्ह हेली, दोघे सख्खे भाऊ. गायक मॅथ्यू चॉक, ज्याला सगळे चॉकी म्हणतात, आणि बेसवर कॅमरन ग्रँट. पहिला अल्बम ‘द आइल ऑफ डिसएन्चांटमेंट’ २००१ मध्ये त्यांनी स्वतःच काढला. मग २००३ ला ‘सेप्टर’, अमेरिकेच्या युनिक लीडर लेबलवर. २००६ ला ‘सिम्बल्स’, नेदरलंड्सच्या न्यूरॉटिकवर. मधल्या काळात चॉकी गेला आणि जेसन पेपियट आला. इथूनच चाहत्यांमध्ये दोन तट पडले ते पडलेच.

चॉकीचं गाणं काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर भांडण कळणार नाही. डेथ मेटलचा गायक म्हटलं की आपण एका जातीचा गुरगुराट धरून चालतो. चॉकी एका ओळीत तीन जनावरं काढतो. खालून घोगरा आवाज, मध्येच गळ्यात पाणी घेऊन गुळण्या केल्यासारखं काहीतरी, आणि मग एकदम वर, शिट्टी वाजवणाऱ्या कुकरच्या पट्टीत. ‘द कलर ऑफ स्लीप’ पहिल्यांदा घरी लावलं तेव्हा बायको खरोखर स्वयंपाकघरात बघून आली. ‘सेप्टर’मधली गाण्यांची नावंही त्याच वेडाच्या तालमीतली: ‘लॅसर्टाइन फॉरेस्ट’, ‘स्किन कॉफिन’, शेवटचं ‘द सेप्टर ऑफ जार-गिलॉन’. परीकथा, सरडे, राजदंड, झोप. वाचताना हसू येतं, ऐकताना येत नाही.

पेपियटचा आवाज त्याच्या उलट. मधल्या पट्टीतला, कोरडा, हार्डकोरवाल्यांसारखा भुंकणारा. एकसुरी म्हणा हवं तर, मी नाही म्हणणार नाही. पण तो वाटेत येत नाही. आणि मी नेमका याच्यापासून सुरू झालो, तेही दुसऱ्याच्या चुकीमुळे. त्यामुळे जुन्या चाहत्यांच्या मनात चॉकी गेल्याची जी खंत आहे ती माझ्या वाट्याला आलीच नाही. गायक बाजूला पडल्यामुळे पहिल्याच दिवशी माझा कान गेला तो दोन भावांकडे. आणि माझं ठाम मत आहे की या बँडमध्ये ऐकायचं आहे ते तेच.

एक गोष्ट लक्षात घ्या, इथे गिटार एकच आहे. या जातीच्या बहुतेक बँडांमध्ये दोन गिटारिस्ट असतात. एक भिंत बांधतो, दुसरा त्यावर नक्षी काढतो. जो हेलीला ती सोय नाही. आणि तो सोलोच्या मागेही फारसा लागत नाही, जे टेक्निकल म्हणवणाऱ्या गिटारिस्टाच्या बाबतीत जवळजवळ चमत्कार आहे. त्याची सगळी करामत रिफमध्ये, म्हणजे गाणं ज्यावर उभं राहतं त्या छोट्या, परत परत येणाऱ्या सुरावटीत. एकेक सूर सुटा, तळहात ब्रिजवर (तारा जिथे गिटारला टेकतात तिथे) दाबून वाजवलेला, तार ओलांडून भलत्याच तारेवर उडी मारणारा, थ्रॅशच्या वळणाचा. जाड कॉर्डचा धुरळा नाही. तारेच्या कुंपणासारखं वाजतं ते, काटे मोजता येतात.

मोजायचा प्रयत्न केला म्हणून सांगतो. कॉलेजात गिटार शिकलो होतो, इथे एक जुनी इलेक्ट्रिक घेतली आणि ‘सिम्बल्स’चं पहिलं गाणं ‘अल्फा ब्रीड’ अॅपमध्ये निम्म्या वेगावर टाकून बसलो. एकच रिफ धरला. दोन रविवार गेले. डाव्या हाताची बोटं कशीबशी जागेवर पोचली, पण उजवं मनगट तिसऱ्याच फेरीत आखडलं. कारण तार ओलांडताना पिक कधी वरून येतो, कधी खालून, आणि तळहाताचा दाब मात्र तसूभर हलता कामा नये. दाब सुटला की सूर पसरतो आणि सगळा चिखल होतो. तिसऱ्या रविवारी वाजवणं सोडलं आणि नुसतं निम्म्या वेगात ऐकलं, तर वेगळीच गंमत हाती लागली. गिटार तोच रिफ परत घेत होती आणि ड्रम्स मात्र दर फेरीला खालची जमीन बदलत होते. आधी ब्लास्ट बीट (मशीनगनसारखा सलग ठोका), पुढच्या फेरीला तोच वेग पण स्नेअर (कडकडीत वाजणारा छोटा ड्रम) निम्म्यावर, मग झांजेवर वजन. रिफ तोच, पण आपल्याला वाटतं की गाणं पुढे सरकलं. नंतर कधीतरी उलटं होतं, डेव्ह एका जागी ठाण मांडतो आणि जो भटकून येतो. पूर्ण वेगात हे कळत नाही, नुसतं जाणवतं.

(इथे तबल्याच्या सवाल-जवाबाची उपमा देण्याचा मोह प्रत्येक मराठी माणसाला होतो. मला पण झाला. देणार नाही. सवाल-जवाबात एक जण थांबतो, हे दोघे एकदाही थांबत नाहीत.)

डेव्ह हेलीबद्दल अजून थोडं. हा माणूस होबार्टच्याच रूइन्स या ब्लॅक मेटल बँडमध्ये वाजवतो, सिडनीच्या द अमेंटाबरोबर वाजवलंय, आणि २०१३ मध्ये डच बँड पेस्टिलन्सच्या ‘ऑब्सिडिओ’वरही तोच आहे. त्या सगळ्यांत तो चोख आहे. पण भावाच्या गिटारखाली तो जे करतो ते दुसरीकडे कुठे करत नाही. पाहुण्यांकडे जेवताना आणि घरी जेवताना माणूस वेगळा बसतो, तितका फरक.

‘सिम्बल्स’ची अडचणही सांगून टाकतो. गाणी लांब आहेत, पाच-सहा मिनिटांची, आणि त्यात रिफ इतके ठासून भरलेत की एक आवडून मान हलवायला लागेपर्यंत तो निघून गेलेला असतो, परत येत नाही. ‘रिपेअरिंग द डायमेन्शनल क्लस्टर’ मला अजून पाठ नाही, चार वर्षं झाली. हे काहींना गुण वाटतं. पहाटे पाचला, आठ तास उणे अठरा अंशात काढल्यावर, मला नक्कीच वाटायचं. झोप येऊ द्यायची नसेल तर यासारखं औषध नाही.

ही अडचण त्यांच्याही लक्षात आली असावी, कारण २००८ चा ‘(ऑब)सर्व्हंट’ एकदम मोकळा झालाय. लेबल आता जर्मनीचं न्यूक्लियर ब्लास्ट, म्हणजे मेटलच्या दुनियेतलं मोठं घर. नावातच खेळ आहे, निरीक्षण करणाऱ्याच्या पोटात नोकर बसवलाय. इथे रिफ परत येतात, गाण्याला मुखडा असल्यासारखं काहीतरी सापडतं, ‘अ कॅल्क्युलेटेड एफर्ट’वर तर पाय आपोआप ठेका धरतो. कुणी नवखा विचारेल की कुठून सुरू करू, तर मी ‘सेप्टर’ सांगत नाही, हा सांगतो. ‘सेप्टर’ महान आहे, मान्य, पण तो चॉकीसकट पचवावा लागतो आणि पहिल्याच घासाला तो ठसका आहे. ‘(ऑब)सर्व्हंट’मध्ये आवाज जरा जास्तच चकचकीत केलाय, ड्रम्सना पॉलिश मारल्यासारखं वाटतं. तेवढं चालवून घ्या.

२०१० चा ‘इनिशिएशन’ लाइव्ह आहे, ज्यांची बँडशी गट्टी जमलीय त्यांनी घ्यावा. २०१२ चा ‘द इनहेरिटेड रिप्रेशन’ मला आवडावा म्हणून मी फार प्रयत्न केले. ‘कॅरिअर्स ऑफ द प्लेग’ झकास आहे, पण पुढे गाणी एकमेकांच्या शर्टात शिरल्यासारखी वाटतात आणि पेपियटचा एकसुरीपणा इथे पहिल्यांदा टोचला. २०१५ ला बँडच्याच नावाचा अल्बम आला, प्रॉस्थेटिकवर. माझ्या कानाला बरा, पण त्याच्यासाठी रात्री उठून बसणार नाही.

मग २०१८ चा ‘अॅज द किंगडम ड्राउन्स’. तोवर बेसवर टॉड स्टर्न आला होता. हा मात्र घ्याच. जो हेलीने इथे पहिल्यांदा सुरांना जागा दिलीय. ‘फ्रोझन गेझ’मध्ये तेच काटेरी कुंपण आहे पण मागे आभाळ दिसतं, एवढंच म्हणेन. २०२२ चा ‘डिव्हाइन काउन्सिल’ त्याच वाटेने आणखी काळोखात जातो. ‘रेंड असंडर’ने सुरू होतो आणि शेवटपर्यंत मला फॉरवर्डचं बटण आठवलं नाही. वीस वर्षांहून जुन्या बँडने एवढी भूक टिकवलेली मी फार कमी पाहिलीय.

यातलं बरंचसं काम होबार्टमध्येच झालंय, कारण जो हेली स्वतः रेकॉर्डिंग करतो, त्याचा क्रॉलस्पेस नावाचा स्टुडिओ आहे. मुद्दा पैशाचाही असणार, पण माझ्या मते भूगोलाचाही आहे. एकदा बायकोला घेऊन टास्मानियाला गेलो, जिलाँगहून रात्रीच्या बोटीने. बास सामुद्रधुनी ओलांडायला बोटीला अख्खी रात्र लागते. सकाळी डेव्हनपोर्टला उतरायचं आणि मग पुढे होबार्टपर्यंत सुमारे २८० किलोमीटर गाडी हाकायची. बोट लागून मी आडवा होतो तेव्हा डोक्यात एकच विचार होता: हे लोक दर टूरला ड्रम्स घेऊन हे पाणी ओलांडतात, आणि ते फक्त मेलबर्न गाठायला. युरोप-अमेरिका त्याच्या पुढे. असल्या ठिकाणी राहून बँड टिकवायचा तर भाऊ तरी हवा, नाहीतर घरात स्टुडिओ तरी. यांच्याकडे दोन्ही होतं.

होबार्टला कुनान्यीवर गेलो, म्हणजे माउंट वेलिंग्टन, १२७१ मीटर. वर वारा असा की गाडीचं दार उघडेना. खाली डर्वेंट नदी आणि चिमुकलं शहर. मी मुद्दाम ‘सेप्टर’ लावला. तोवर तो रीतसर नवा विकत घेतला होता, दुप्पट पैसे मोजून. ‘द व्हॅली ऑफ विंड्स ब्रेथ अँड ड्रॅगन्स फायर’ सुरू झालं. ही पोरं कुठल्या वाऱ्याबद्दल बोलत होती ते मला तिथे कळलं, अशी माझी समजूत आहे. बायको म्हणाली, “अरे, बाहेरचा आवाज कुठला आणि आतला कुठला तेच कळत नाहीये.” तिने केलेली ही एकमेव स्तुती, आणि तिच्या मते ती स्तुती नव्हती.

चॉकीचं राहिलं. तो पुढे मेफिस्टोफिलीस नावाच्या बँडमध्ये गायला. त्यांचा २०१३ चा ‘साउंड्स ऑफ द एंड’ ऐका, ‘सेप्टर’वाल्यांची तहान बऱ्यापैकी भागते.

खरेदीबद्दल एवढंच: जुनी सीडी घेत असाल तर विकणाऱ्याकडून डिस्कचा फोटो मागा, नुसत्या डबीचा नको. माझ्याकडे आता ‘सेप्टर’च्या डब्या दोन आहेत, एक भरलेली, एक रिकामी. ‘सिम्बल्स’ला डबीच नाही, म्हणून ती गाडीच्या प्लेयरमध्येच असते.