लॅक्स्टन, नॉटिंगहॅमशायर: शेतीत रस असेल तर हे गाव चुकवू नका

इंग्लंडमधली सुंदर गावं म्हटली की सगळे कॉट्सवोल्ड्सकडे पळतात, पण गावगाडा कसा चालायचा हे खरंच बघायचं असेल तर नेवार्कच्या जवळ लॅक्स्टनला जा. इंग्लंडमध्ये बाकी जवळपास सगळीकडे सामायिक शेतं वाटली गेली, बरीचशी 18व्या-19व्या शतकात पार्लमेंटचे कायदे करून, कुंपणं पडली, आणि ज्यांच्याकडे थोडीशीच जमीन होती त्यांचे फार हाल झाले. लॅक्स्टनमध्ये मात्र ते काम पूर्ण झालंच नाही, त्यामुळे तीन मोठी उघडी शेतं, वेस्ट फील्ड, मिल फील्ड आणि साऊथ फील्ड, आजही पट्ट्यापट्ट्यांनी कसली जातात. मध्ये कुंपण नाही, एकाच शेतकऱ्याचे पट्टे वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेले. एका शेतात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचं पीक, तिसरं पड किंवा चाऱ्याला, आणि दरवर्षी पाळी पुढे सरकते.

डव्हकोट इन नावाचा पब आहे त्याच्या शेजारीच छोटं व्हिजिटर सेंटर आहे, आधी तिथेच जा प्लीज, कारण थेट शेतात गेलात तर नुसतं मोकळं रान दिसेल आणि काहीच कळणार नाही. 1635 साली मार्क पीअर्सने केलेला गावाचा नकाशा (मूळ प्रत ऑक्सफर्डच्या बोडलियन लायब्ररीत) डोक्यात ठेवून फिरलात की मग रस्ते, पट्टे, रस्त्याकडे अरुंद बाजू करून उभी असलेली फार्महाऊसं, सगळं जागच्या जागी बसतं. उत्तरेला जुन्या किल्ल्याची टेकाडं आहेत, तीही बघून घ्या.

पण मला सगळ्यात भारी वाटलं ते इथलं कोर्ट लीट, म्हणजे शेतीचे नियम सांभाळणारं गावाचं जुनं न्यायालय. नोव्हेंबरच्या शेवटी गावातलेच पंच गव्हाच्या शेतात फिरून हद्दी तपासतात, खुंट्या ठोकतात, कोणी सामायिक गवताच्या पट्टीत नांगर घातलाय का ते बघतात आणि मग आठवड्याभराने पबमध्ये कोर्ट भरतं, ज्याने बांध कोरलाय त्याला दंड. ही गवताची पट्टी म्हणजे साईक, नांगरायला गैरसोयीची जागा म्हणून सोडलेली, आणि तिथे आता इतकी रानफुलं आहेत की उन्हाळ्यात नुसतं त्यासाठी गेलं तरी चालेल.

जमिनीचे मालक बदलत गेले, 1952 मध्ये शेती मंत्रालयाने घेतली, 1981 ला क्राऊन इस्टेटकडे (राजसत्तेच्या नावावरची मालमत्ता सांभाळणारी संस्था) गेली, 2020 ला थोर्सबी इस्टेट या खाजगी जमीनदारीकडे, तरी पंच आहेतच. माझ्या मते शेतं टिकली ती यामुळेच, शेजारी शेजाऱ्याला समोरासमोर जाब विचारतो म्हणून.

बस फारशा नाहीत, गाडी हवीच. पाऊस झाला असेल तर गमबूट घाला, पायवाटा चिखलाच्या आहेत. पेरलेल्या पट्ट्यांतून अजिबात चालू नका, ते कुणाचं तरी पीक आहे.